लाज सोडा, इलाज करा

खुरपणीला निघालेल्या काही बाया पाणी पीत नाहीत. एकीने माझ्या घरी मंडळींना कारण सांगितले: खोकला आला, ओझे उचलले की लघवी सुटते.

पाणी तोडू नका. दाट लघवीने त्रास वाढतो. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, पण व्यायामाने बळकट होतात. लघवी रोखताना आवळतो तो भाग पाच सेकंद आवळावा, पाच सेकंद सोडावा. लघवी करून आल्यावर दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने.

पुरुषांत पन्नाशीनंतर अनेकदा प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. मधुमेहही कारण असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. लघवीत रक्त दिसले किंवा लघवी तुंबली, तर त्याच दिवशी.

बैल लंगडला तर आपण थांबत नाही; मग स्वतःसाठीच का थांबावे?