थेंबभर तेल, पण नेमके

मुळशी तालुक्यात पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली या पट्ट्यात कारखाने आहेत, आणि दिवसभर लेथ चालवणारे हात सुटी झाल्यावरही स्वस्थ बसत नाहीत. घरामागच्या शेडमध्ये एक बेंच ड्रिल, एक व्हाइस आणि टॅपचा संच एवढे भांडवल असले, की गेटची बिजागरी, पंपाचे ब्रॅकेट, फवारणी यंत्राचा तुटलेला भाग घरीच उभा करता येतो. अशा कामात भोक पाडताना किंवा आटे पाडताना तेल कोणते घालायचे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. हाताशी असेल ते ओतले जाते. कधी कारखान्यातल्यासारखे दुधाळ कूलंट, तर बहुतेक वेळा गाडीतून काढलेले काळे, जळके ऑइल. घरच्या कामाला या दोहोंपैकी एकही योग्य नाही. घरी लागते ते थोडेसे, पण खास धातू कापण्यासाठी बनवलेले तेल. त्याची कारणे समजून घेतली, तर पैसा, हत्यार आणि हाताची कातडी तिन्ही वाचतात.

धातू कापताना तेल दोन कामे करते. एक थंडावा देण्याचे, दुसरे वंगणाचे. हत्याराची धार पुढे सरकते तेव्हा तिच्यासमोरचा धातू दाबला जाऊन घसरतो आणि कीस होऊन, म्हणजे कारखान्याच्या भाषेत चिप होऊन, बाहेर पडतो. या घसरण्यातून उष्णता निर्माण होते, आणि चिप हत्याराच्या तोंडावर घासत जाते त्यातून आणखी. हायस्पीड स्टीलचे ड्रिल सुमारे ६०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, म्हणून वेगाच्या कामात थंडावा मोलाचा. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १८८०च्या दशकात चिप निघते त्या जागी पाण्याची जाड धार सोडून पाहिली, तेव्हा कापण्याचा वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता आला. कारखान्यातले कूलंट आले ते या वाटेने. पाणी उष्णता झपाट्याने ओढून नेते, आणि त्यात मिसळलेले सोल्युबल ऑइल गंज रोखते व थोडे वंगण देते.

घरच्या शेडमध्ये मात्र परिस्थिती उलटी असते. तिथे पंप नसतो, धार नसते, आणि वेगही कमी असतो, निदान असायला हवा. साध्या माइल्ड स्टीलमध्ये (एमएस) १० मिलिमीटरचे भोक पाडायला मिनिटाला साधारण ८०० फेरे पुरतात. स्टेनलेस स्टीलला त्याच्या निम्मेही नकोत. हातातले ड्रिल मशीन अडीच-तीन हजार फेऱ्यांवर पळवले तर टोक निळे पडते, आणि कोणतेही तेल ते वाचवू शकत नाही. वेग आटोक्यात ठेवला, की उष्णतेचा प्रश्न बराचसा सुटतो आणि उरतो तो चिकटण्याचा. हाताने टॅप फिरवताना उष्णता जवळजवळ नसते, तरी टॅप मोडतो, कारण चिप आट्यांत अडकून आवळली जाते. इथे हवे ते वंगण. शिवाय कूलंटला निगा लागते. ते पाण्यात ऑइल ओतून बनवायचे, ऑइलमध्ये पाणी ओतून नव्हे. उलटे केले तर ते फाटते. बोअरच्या जड पाण्यातही ते नीट मिसळून राहत नाही. आणि आठवड्यातून एकदाच मशीन चालवणाऱ्याच्या डब्यात ते नुसते पडून राहते, जिवाणू वाढतात, कुबट वास सुटतो.

मग कोणत्या धातूला काय? बीड कोरडेच कापावे. त्याच्या अंगातच ग्रॅफाइट असते, आणि तेल घातले तर त्याची भुकटी चिखल होऊन बसते. पितळही बहुधा कोरडे चालते. ॲल्युमिनियम धारेला चिकटून तिथे गाठ धरते. त्याला रॉकेलसारखे पातळ तेल चांगले, मात्र ठिणगी आणि विस्तव दूर हवा. एमएसला साधे कटिंग ऑइल. खरी परीक्षा घेते ते स्टेनलेस स्टील. त्यावर ड्रिल नुसते घासत राहिले, तर ती जागा दबून कडक होते आणि मग कापलीच जात नाही. म्हणून वेग कमी, दाब भरपूर, आणि गंधकयुक्त कटिंग ऑइलचे चार थेंब. हे गंधक चिप आणि हत्यार यांच्यामध्ये पातळ थर धरते आणि दोघांना चिकटू देत नाही. तांब्या-पितळेवर मात्र असे ऑइल वापरू नये, डाग पडतात. नीट चाललेल्या कामाची खूण डोळ्यांना दिसते: चिप अखंड वळत बाहेर येते आणि मशीन किंचाळत नाही.

कटिंग ऑइल मोठ्या डब्यात मिळते, महाग पडते, असे कुणी म्हणेल. पण कारखान्यात ते धारेने लागते, घरी थेंबाने. लहान बाटली महिनोन् महिने पुरते, आणि मोडलेल्या एका चांगल्या टॅपची किंमत तिच्याशी ताडून पाहावी. तेही परवडत नसेल तर स्वयंपाकघरातले खोबरेल आहे. वेल्लोरच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलवर लेथकाम करताना खोबरेलाची तुलना सोल्युबल ऑइलशी आणि निव्वळ कटिंग ऑइलशी केली. हत्याराची झीज आणि पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा या दोन्ही बाबतींत खोबरेल सरस ठरले. त्याच्या मर्यादाही आहेत. साधारण २४ अंशांखाली ते गोठते, त्यामुळे मुळशीच्या थंडीत बाटली आधी कोमट करावी लागते. मशीनवर राहिले तर चिकट थर धरते, म्हणून काम संपताच पुसून घ्यावे. पण हाताने आटे पाडायला ते खरोखर चांगले आहे.

जळक्या ऑइलचे समर्थन नेहमी एकाच वाक्यात होते: इतकी वर्षे वापरतोय, काय झाले? झाले असेल ते लगेच दिसत नाही, हाच धोका आहे. इंजिन ऑइल गुळगुळीत बेअरिंगसाठी बनवलेले असते, धातू कापण्यासाठी नाही. आणि जळल्यावर त्यात काजळी, झिजलेल्या धातूचे कण आणि कर्करोगाशी संबंध असलेली संयुगे साठतात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घातलेले खनिज तेल वर्षानुवर्षे अंगावर उडत राहिले आणि कामगारांत त्वचेचा कर्करोग दिसला, ही गेल्या शतकातली नोंदलेली गोष्ट आहे. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही खनिज तेलामुळे होणारे पुरळ व त्वचारोग हे सरकारला कळवण्याचे आजार म्हणून दिले होते. कारखान्यात कायदा पाहतो. शेडमध्ये पाहणारे आपणच.

आणि वापरलेले तेल जाते कुठे? मुळा आणि मुठा या दोन्ही नद्या याच तालुक्यात उगम पावतात, आणि टेमघर धरणाचे पाणी खडकवासल्यात उतरून पुण्याच्या नळाला येते. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. थेंबाने काम केले, तर ओतून द्यावे इतके तेल उरतच नाही. पुसलेली चिंधी झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि गाडीचे ऑइल बदलल्यावर जुने गॅरेजमार्फत परवानाधारक संकलकाकडे द्यावे. पुढच्या वेळी ड्रिल लावण्यापूर्वी तो काळा डबा बाजूला सारा आणि नेमक्या तेलाची छोटी बाटली हाताशी ठेवा.