पिल्लू घेताय? आधी त्याची आई दाखवा म्हणा!

मैत्रिणींनो, वार्षिक परीक्षा संपली की पोरांचा एक हट्ट हमखास सुरू होतो. "आई, आपण कुत्रं घेऊ या ना!" आधी आपण नाही म्हणतो, मग "बघू" म्हणतो. आणि एकदा "बघू" म्हटलं की संपलंच!

वरठीच्या आमच्या एका वहिनींचं असंच झालं. वरठी म्हणजे भंडाऱ्याजवळची, भंडारा रोड स्टेशन जिथे आहे ती. वहिनींना मोबाइलवर एक जाहिरात दिसली. चहाच्या कपात बसलेलं पांढरंशुभ्र पिल्लू, खाली लिहिलेलं, "टीकप पॉमेरेनियन, फक्त सहा हजार". वहिनींनी दोन हजार आगाऊ पाठवले. मग पिंजऱ्याचे मागितले, "हे परत मिळतील" म्हणून. मग विम्याचे. मग लशीचे. शेवटी निरोप आला, पिल्लू गाडीत बसवलंय, उतरवून घ्या. दोन दिवस वहिनी लेकाला घेऊन फलाटावर उभ्या! तिसऱ्या दिवशी तो नंबरच बंद. चौदा हजार गेले, तेही भिशीचे. घरी कळलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "न पाहताच कायले पैसे धाडले वं तू?"

आता तुम्ही म्हणाल, वहिनी भोळ्या. तसं नाही हो. कोशाची साडी घेताना याच वहिनी कापड हातात घेऊन, उजेडात धरून, उलटसुलट पाहून मगच भाव विचारतात. कुत्र्यात काय पाहायचं तेच आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून फसायला होतं.

तर ऐका. प्रत्येक जातिवंत कुत्र्याचं एक लेखी वर्णन ठरलेलं असतं. त्याला मानक म्हणतात. उंची किती, वजन किती, कान कसे, शेपूट कशी, चाल कशी, सगळं त्यात असतं. प्रदर्शनातला परीक्षक आधी प्रत्येक कुत्रं या वर्णनाशी ताडून पाहतो, मग नंबर देतो. आपल्या देशात जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी जुनी संस्था म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, १८९६ सालची. तिचं कार्यालय चेन्नईला आहे. ही संस्था नोंद करते, पिल्लं विकत नाही. "केनेल क्लबकडून थेट पिल्लू" असं कुणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

आंतरराष्ट्रीय मानकात पॉमेरेनियनची उंची १८ ते २४ सेंटिमीटर आहे, तीही जमिनीपासून खांद्यापर्यंत मोजलेली. शिह त्झू २७ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, वजन साधारण साडेचार ते साडेसात किलो. पगचं वजन ६.३ ते ८.१ किलो. (२००३ च्या त्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनं या पगला घराघरात नेलं, आठवतंय ना?) आणि "टीकप" नावाची जातच या मानकात नाही! तो विकणाऱ्यांचा शब्द. कधी ते जेमतेम महिन्याचं पिल्लू असतं, म्हणून कपात मावतं. कधी मुद्दाम खुरटं पैदा केलेलं असतं. अशा जिवाला दोन वेळा खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरून झटके येतात.

आणखी एक गंमत. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्याला पॉमेरेनियन म्हणतात, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, अंगानं मोठं. कुत्रं गुणी असतं, काटकही असतं. फक्त त्याला पॉमेरेनियनचा भाव देऊ नका. उलट चपट्या नाकाचा पग आपल्या विदर्भातल्या मे महिन्यात धापा टाकत बसतो. घरात कूलरची सोय नसेल तर त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

कायदाही आपल्या बाजूनं आहे बरं का! २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मागा. केनेल क्लबचा कागद दाखवला तर त्यावरचा मायक्रोचिपचा नंबर पशुवैद्यकाकडे यंत्रानं ताडून घ्या. कागदाचा नुसता फोटो कुणीही बनवतो.

पण सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे पिल्लाची आई. तिच्याजवळ, तिच्याच घरात पिल्लू पाहायचं. विकणारा लांबचा असेल तर व्हिडिओ कॉल लावून म्हणायचं, "आत्ता पिल्लाला उचला, आजची तारीख कागदावर लिहून शेजारी धरा, आणि आई दाखवा." खरा माणूस दाखवेल. लबाड म्हणेल, नेट नाही. रेल्वेनं पाठवतो म्हणाला तर पार्सल कार्यालयाची पावती मागा आणि आपल्या स्टेशनवर जाऊन विचारा. आणि हो, "पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" म्हणाला की तो चोरच. पैसे घ्यायला पिन लागत नाही!

वहिनींचं खरं नुकसान झालं ते पुढच्या चार दिवसांत. "यांना काय सांगू?" म्हणून त्या गप्प राहिल्या. फसल्याचं कळताच १९३० या नंबरावर फोन केला असता, तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता होती. तास-दोन तासांत कळवणं आणि चार दिवसांनी कळवणं यात फार फरक पडतो. तेवढ्यात पैसे पाच खाती फिरून काढलेही जातात. म्हणून नवरा काय म्हणेल, सासू काय म्हणेल, हे नंतर. आधी फोन, मग बँक. संदेश, पावत्या, तो नंबर काहीही पुसू नका. वहिनींनी पाचव्या दिवशी तक्रार केली. पैसे काही मिळाले नाहीत.

दिवाळीनंतर भंडाऱ्यातल्या एका घरी पिल्लं झाल्याचं कळलं, तेव्हा वहिनी सासूबाईंना घेऊन गेल्या. पर्समध्ये शिवणाची टेप होती! आईला बिस्किट देऊन उभं केलं आणि खांद्यापर्यंत मोजलं, तर छत्तीस सेंटिमीटर. "हे पॉमेरेनियन नाही," वहिनी म्हणाल्या. घरमालकीण हसल्या, "मी कुठे म्हटलं होतं?" पिल्लू नऊ आठवड्यांचं होतं, पहिली लस टोचलेली होती. पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. सासूबाईंनी पिल्लाच्या आईसाठी म्हणून किलोभर तांदूळ ठेवून दिले आणि पिल्लू पदरात घेऊन ऑटोत बसल्या.