विद्यार्थी-मार्गदर्शकाचा अर्ज आणि घरची भाषा

उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणाने आपल्याहून लहान विद्यार्थ्यांच्या अभ्यासास विनामोबदला हातभार लावावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम गावातील साक्षरांच्या स्वयंप्रेरणेवर उभी राहिली. १९६९ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यार्थी-स्वयंसेवकास वर्षाकाठी १२० तासांच्या सेवेची चौकट दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांस शिकविण्याचा आणि स्वयंसेवकांच्या साहाय्याचा पुरस्कार केला आहे. अशा कोणत्याही कार्यात प्रवेश करावयाचा म्हणजे प्रथम अर्ज आला. 'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ सादर करणे, निवेदन करणे असा आहे. तेव्हा अर्जदार आपल्याविषयी काय सादर करतो आणि काय झाकून ठेवतो, हा प्रश्न केवळ कार्यालयीन राहत नाही. या लेखात अशा अर्जातील 'अवगत भाषा' या एकाच रकान्याचा विचार हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात करावयाचा आहे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत असे पाच तालुके आहेत. येथील शाळांचे माध्यम प्रायः मराठी असले, तरी घरोघरची बोली एक नाही. तांड्यांवर गोरबोली बोलली जाते, गावांतील मुस्लिम कुटुंबांत दखनी वळणाची उर्दू आहे, आणि आंध समाजाच्या व इतर ग्रामस्थांच्या मुखी असलेली मराठी पाठ्यपुस्तकातील मराठीहून बरीच निराळी आहे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे विद्यार्थी-मार्गदर्शकांचे अर्ज वाचण्याचे काम आले. तांड्यावरून आलेल्या एका विद्यार्थ्याने 'अवगत भाषा' या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी अशी नोंद केली होती. "घरी काय बोलता?" असे विचारता तो म्हणाला, "सर, ती भाषा नाही, आमची नुसती बोली आहे." हे उत्तर ऐकून ज्याने ओशाळावे, तो विद्यार्थी नव्हता. अर्जाचा नमुना लेखकानेच तयार केला होता आणि घरच्या भाषेस त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

ही समजूत त्या विद्यार्थ्याच्या मनात आपोआप उपजलेली नव्हे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात, १९०७ साली, या भाषेचे स्वतंत्र वर्णन झाले आहे. तथापि २०११ च्या जनगणनेत 'बंजारी' सांगणारे सुमारे १५.८ लाख आणि 'लमाणी अथवा लंबाडी' सांगणारे सुमारे ३२.८ लाख लोक हिंदी या शीर्षकाखालीच मोजले गेले. मोजणीतच जी भाषा दुसऱ्या नावाखाली जाते, ती अर्जात लिहावी असे वीस वर्षांच्या मुलास कसे वाटावे?

मार्गदर्शकाच्या दृष्टीने या ज्ञानाचे मोल किती, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. मराठीत लिंगे तीन, गोरबोलीत दोन. 'ते झाड', 'ते घर' ही नपुंसकलिंगी रूपे तांड्यावरील मुलास सर्वस्वी नवी असतात. तेथे ते चुकले, तर ज्यास हा भेद ठाऊक नाही असा शिक्षक त्यास अशुद्ध किंवा मंद ठरवितो. ज्याने हाच अडसर स्वतः ओलांडला आहे, तो मात्र चूक कोठून आली हे ओळखतो. पहिल्याची भाषा कितीही निर्दोष असो, या कामापुरता दुसराच अधिक पात्र होय.

येथे 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाचे स्मरण होते. मुंबई व वडोदरा येथे वस्तीतीलच तरुण स्त्रियांनी मागे पडलेल्या मुलांचे वेगळे गट घेऊन त्यांस शिकविले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांच्या गुणांत लक्षणीय वाढ आढळली. ही वाढ भाषेमुळेच झाली, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु मोठी पदवी नसलेली, मुलाच्या परिसरातील व्यक्ती हे काम परिणामकारकपणे करू शकते, एवढे निश्चित म्हणता येते.

मराठवाड्यातील मराठी भाषकांस तर हा विषय परका वाटू नये. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलास तेव्हा जे अंतर तोडावे लागे, तेच आज तांड्यावरील मूल मराठी शाळेत तोडीत असते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या त्या तक्रारीस आपण अन्याय म्हणतो. या मुलाच्या अडचणीस मात्र अशुद्धता म्हणून मोकळे होतो.

यावरून अर्जदारांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, घरची भाषा रकान्यात प्रथम लिहावी. रकाना नसेल तर हेतूच्या परिच्छेदात लिहावी. दुसरी, 'समाजसेवेची आवड' यासारखी ठरावीक वाक्ये टाळून, शिकताना आपण स्वतः कोठे अडलो होतो आणि तेथून कसे बाहेर पडलो, हे चार ओळींत सांगावे. तिसरी, देता येईल तेवढाच वेळ लिहावा. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीस जातात, त्यांची मुले परतल्यावर आपण उपलब्ध असू किंवा नाही, याचाही विचार करावा. आरंभी उत्साहाने येऊन मध्येच दिसेनासा होणारा मार्गदर्शक मुलाचे नुकसानच करतो.

अर्ज तपासणाऱ्या आम्हा अध्यापकांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. त्या विद्यार्थ्याची निवड झाली. पहिल्या महिन्याच्या अखेरीस मुले त्यास 'सर' न म्हणता 'दादा' म्हणू लागली होती. पुढील वर्षाच्या नमुन्यात 'घरी बोलली जाणारी भाषा' हा रकाना 'अवगत भाषा' याच्याही वर छापण्यात आला. आणि त्या वर्षी तो कोणीही कोरा सोडला नाही.