गाडीचा नंबर लागेपर्यंत

आमची थोरली बहीण निफाड तालुक्यात दिली आहे. २०२१ साली भाऊबिजेला तिच्याकडे गेलो, तेव्हा पडवीसमोर नेहमी उभी असणारी गाडी दिसली नाही. दाजींना विचारले, तर जुनी गाडी दसऱ्यालाच शोरूमवाल्याने नेली होती आणि नवीचा नंबर अजून लागायचा होता. नवी गाडी दारात यायला पुढच्या सालचा ज्येष्ठ उजाडला. मधल्या काळात द्राक्षाचा सारा हंगाम भाड्याच्या पिकअपवर काढावा लागला. अक्काला दवाखान्यात न्यायचे, तर शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहावे लागे.

नवी गाडी द्यायला जवळ नाही, तरी जुनी घ्यायची एवढी घाई त्या शोरूमवाल्याला का झाली होती, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला. त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे, कारण अशी टंचाई काही पहिली नव्हती आणि शेवटचीही नसावी.

चिपांची पाळी चुकली

हल्लीच्या गाडीत इंजिनाला किती तेल सोडायचे, ब्रेक घसरू लागला तर काय करायचे, एअरबॅग कधी फुगवायची, हे सारे नखाएवढ्या चिपा ठरवतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एप्रिल महिन्यात मारुतीसारख्या कंपनीची देशात एकही गाडी विकली गेली नाही. जगभरच्या मोटार कारखान्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या. त्याच वेळी घरोघर मोबाईल आणि लॅपटॉप लागू लागले, आणि चिपा बनवणाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला. पाटाच्या पाण्याची पाळी आपण एकदा सोडली की ती दुसऱ्याच्या वावरात जाते. परत मागायला गेलो की रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. मोटारवाल्यांचे नेमके तेच झाले.

त्यात दैवाचीही भर पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेत टेक्सासला कडाक्याच्या थंडीने वीज गेली आणि तिथले चिपांचे कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यात आग लागली. पुढे मलेशियात करोनाने काम थांबवले, आणि चिपा तपासून बंदिस्त करण्याचे मोठे काम तिथेच चालते. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने जाहीर केले, की या महिन्यात नेहमीच्या सुमारे ४० टक्केच गाड्या निघतील. ट्रॅक्टरला मात्र अशा चिपा फारच थोड्या लागतात. २०२०-२१ या वर्षात देशात जवळजवळ नऊ लाख ट्रॅक्टर विकले गेले.

शोरूम कशावर चालते

आपल्याला वाटते, काचेच्या आत उभ्या असलेल्या गाड्या शोरूमवाल्याच्या मालकीच्या. खरे तर त्या बहुतेक बँकेच्या पैशावर उभ्या असतात. शोरूमवाला कर्ज काढून कंपनीकडून गाड्या उचलतो आणि गाडी विकेपर्यंत रोजचे व्याज भरतो. एका गाडीमागे त्याला सुटणारा नफा आपण समजतो तेवढा मोठा नसतो. त्याचे घर चालते ते सर्व्हिसिंग, सुटे भाग, विमा, कर्जाची व्यवस्था आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांवर.

आता नव्या गाड्याच येईनात. जागेचे भाडे आणि पोरांचे पगार तर थांबत नाहीत. मग विकायला उरले काय? जुनी गाडी! नवी मिळत नाही म्हणून लोक जुन्या घेऊ लागले आणि जुनीला भाव चढला. दाजींच्या गाडीला त्यांनी मनात धरले होते त्याहून पुष्कळ जास्त पैसे मिळाले. दाजी खूश झाले. शोरूमवालाही झालाच असणार.

त्या सालची जाहिरात आठवून पाहा. एरवी दसरा-पाडव्याला वर्तमानपत्राचे पहिले पान गाड्यांनी भरलेले असायचे. इतकी सूट, इतके ग्रॅम सोने, विमा फुकट! त्या वर्षी हे सारे आवरते घेतले गेले. त्याऐवजी तालुक्याच्या चौकात फलक लागले, की तुमची जुनी गाडी आणा, जागेवर किंमत घ्या. आमच्या भागात कांदा पडला की व्यापारी फोन उचलत नाही, आणि कांदा तुटला की तोच बांधावर येऊन चहा मागतो. तसाच हा प्रकार. फडा या गाडीविक्रेत्यांच्या देशव्यापी संघटनेने २०२१ चा सणांचा हंगाम दहा वर्षांतला सर्वांत वाईट असल्याचे सांगितले होते.

जाहिरातीचे दुसरे रूप कंपन्यांनी काढले. महिंद्राने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी एक्सयूव्ही ७०० चे बुकिंग उघडले, तेव्हा पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत नोंदल्या गेल्या. ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनसाठी अर्ध्या तासात एक लाख लोकांनी नावे लावली. गाड्या चाकणच्या कारखान्यात तयार व्हायच्या होत्या. नावे मिनिटांत लागली तरी गाड्या महिन्यांच्या हिशेबानेच निघणार होत्या. पण 'किती लोकांनी नावे लावली' हीच मोठी जाहिरात झाली. रांग दिसली की माणूस रांगेत उभा राहतो, हे रॉकेलच्या दुकानापासून आपण पाहत आलो आहोत.

बापाने लावलेला नंबर

जुन्या पिढीला यात नवल वाटणार नाही. १९६० सालापासून स्कूटर कोणाला आणि कशी विकायची यावर सरकारी नियंत्रण होते. बजाजची चेतक १९७२ साली आली. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या या स्कूटरसाठी लोकांनी दहा-दहा वर्षे वाट पाहिली. कॉलेजात असताना लावलेला नंबर पोरे झाल्यावर लागायचा! ज्याला दम नव्हता तो नंबर आलेल्या माणसाला 'ऑन' देऊन गाडी घ्यायचा. लग्नाच्या बोलणीत स्कूटरचा नंबरसुद्धा निघायचा. १९८३ साली मारुतीचे बुकिंग उघडले, तेव्हाही लाखाहून अधिक लोकांनी दहा हजार रुपये अनामत भरून नावे लावली होती.

त्या काळात कंपनीला लोकांची मनधरणी करण्याचे कारणच नव्हते. 'हमारा बजाज' ही दूरदर्शनवर गाजलेली जाहिरात आली १९८९ साली. तोवर कायनेटिक होंडा आणि एलएमएल व्हेस्पा बाजारात येऊन गिऱ्हाईक ओढू लागल्या होत्या. मला तर यात सगळे मर्म दिसते. माल पडून राहील अशी भीती वाटू लागली, की जाहिरात गोड होते.

पुढे झालेही तसेच. २०२४ च्या सप्टेंबरचा हिशेब देताना फडाने सांगितले, की शोरूमवाल्यांकडे ८० ते ८५ दिवस पुरेल इतका, म्हणजे सुमारे ७ लाख ९० हजार गाड्यांचा साठा पडून आहे. त्यात ७९ हजार कोटी रुपये अडकले होते. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे दाखवायलाही गाडी नव्हती, ते आता व्याजाखाली दबले. सवलती परत आल्या. पानभर जाहिराती आल्याच, शिवाय मोबाईलवर रोज सकाळी शोरूमच्या पोराचा नमस्कार येऊ लागला, आणि सोबत गळ्यात हार घातलेल्या गाडीपुढे उभ्या राहिलेल्या कुटुंबाचा फोटो.

पावतीवर काय लिहिले आहे

दाजींनी बुकिंग केले तेव्हाची किंमत आणि गाडी घेतानाची किंमत यांत बराच फरक पडला. भांडायला गेले, तर त्यांच्याच पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते, की गाडी देण्याच्या दिवशीची किंमत लागू राहील. हे कलम बहुतेक सगळ्याच पावत्यांवर असते. ते कधी गिऱ्हाइकाच्या बाजूनेही फिरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी आणि मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्के. ज्यांचे बिल त्या दिवशी किंवा नंतर झाले त्यांना नवा दर लागला, बुकिंग आधीचे असले तरी. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम कापणार, हे लिहून घ्यावे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा कायदा नाही. टंचाईच्या दिवसांत "सीट कव्हर आणि बाकी सामान घेतले तर गाडी लवकर मिळेल" असेही कानावर येते. त्याला भुलू नये. आणि माल पडून असण्याच्या दिवसांत गाडी घेत असाल, तर ती कोणत्या महिन्यात तयार झाली तेवढे पाहावे.

दाजींचे खरे नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी झाले असते. जुनी गाडी देऊन दीड वर्ष लोटले, आणि एके दिवशी त्यांच्या मोबाईलवर दंडाचा संदेश आला. गाडी सुसाट चालवल्याचा दंड, तोही दुसऱ्या जिल्ह्यातला! शोरूमवाल्याने गाडी पुढे विकली होती, पण आरसी बुक अजून दाजींच्याच नावावर होते. दंड हजार-दोन हजारांचा होता. पण त्या गाडीखाली कोणी सापडले असते तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, मग गाडी किती का हात फिरलेली असेना. १ एप्रिल २०२३ पासून यावर एक उपाय झाला आहे. जुन्या गाड्यांच्या अधिकृत, नोंदणी केलेल्या विक्रेत्याला गाडी देताना २९-सी हा नमुना ऑनलाईन भरला, की पुढची जबाबदारी त्या विक्रेत्याकडे जाते. मात्र विक्रेता खरोखर नोंदणीकृत आहे ना, ते आधी विचारावे.

दाजींना त्या नावाच्या बदलासाठी शोरूमचे चार हेलपाटे पडले. चौथ्या खेपेला अक्का सोबत गेली आणि काम होईपर्यंत तिथल्या खुर्चीवरून उठली नाही. संध्याकाळी कागद हातात पडला. आता त्याची झेरॉक्स देव्हाऱ्याच्या फळीवर सातबाऱ्यासोबत ठेवलेली आहे.