जुन्या फळ्यांतून निघणाऱ्या खेळाच्या काठ्या

जुना वाडा उतरवावयास काढिला, की सागाच्या तुळया व फळ्या घेण्यास लाकडाचे व्यापारी दारी येतात, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मुरलेल्या लाकडाचे मोल आपल्याकडे कोणास शिकवावयास नको. अमेरिकेत काही कारागीर हीच दृष्टी एका निराळ्या कामी लावितात. उखडलेल्या जमिनींच्या फळ्यांपासून ते ‘पूल’ खेळाची काठी, म्हणजे क्यू, कातून काढितात. पूल हा बिलियर्डच्याच कुळातील, सहा खिशांच्या मेजावरील खेळ होय. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्डचे जगज्जेते झाले. तेव्हा ही काठी आपणांस अगदीच परकी नव्हे.

यातील मर्म मेपल वृक्षात आहे. ज्याच्या रसाचा तिकडे गोड पाक करितात, त्या जातीचे लाकूड घनफुटास सुमारे ४४ पौंड भरते. ते कठीण व एकजीव असते. म्हणून व्यायामशाळांच्या व बास्केटबॉलच्या जमिनी त्याच्या करितात, आणि काठीचा पुढील निमुळता भागही परंपरेने त्याचाच असतो. मग जुनी फळी घ्यावी, चिरावी व कातावी, इतके हे सोपे वाटेल. परंतु येथे गणित आडवे येते. अशा जमिनीच्या फळीची नेहमीची जाडी एका इंचाच्या बत्तीस भागांपैकी पंचवीस, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर. दुहेरी काठीचा पुढचा भाग टोकाशी १३ मिलिमीटरांच्या आसपास असला तरी सांध्याशी २१ हून अधिक लागतो. त्यात वरचे रोगण रंध्याने काढावयाचे, आणि एका कडेची खाच व दुसरीची जीभ वजा करावयाची. म्हणजे एकाच फळीत हा दांडा मावत नाही. दोन पट्ट्या सरसाने जोडणे प्राप्त होते.

बोलिंगच्या खेळातील जुन्या पट्ट्यांची गोष्ट याच्या उलट. त्यांतील फळ्या कडेवर उभ्या करून एकमेकींस खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. जाडी पुरते, पण खिळे आडवे घुसलेले, आणि त्यांतला एक जरी करवतीस भेटला तरी पाते गेलेच! म्हणून प्रथम लोहचुंबकाने सर्व फळी धुंडाळावी लागते.

तथापि खरी परीक्षा लाकडाच्या रेषांची. जमिनीसाठी फळी निवडताना तिचा दर्शनी भाग पाहतात. काठीस मात्र टोकापासून सांध्यापर्यंत, सुमारे २९ इंच, रेषा सरळ धावलेली हवी. मध्येच ती कडेने बाहेर निसटली, तर काठी वाकते किंवा तुटते. यामुळे गाडीभर फळ्यांतून हाती थोडेच लागते. शंभर वर्षांचे लाकूड म्हणजे उत्तमच, असे विकणारे सांगतात. आम्हांस ते पटत नाही. वाकडी रेषा शंभर वर्षांनीही वाकडीच राहते.

जुन्यातून नवे करण्याची परंपरा मात्र या धंद्यात मोठी मानाची आहे. रशियात जन्मलेल्या जॉर्ज बालाबुश्का यांनी १९५९ पासून १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत काठ्या केल्या. ब्रन्स्विक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ नामक अखंड काठ्यांचा मुठीकडील भाग घेऊन त्यांनी त्याच्या दुहेरी काठ्या बनविल्या, आणि आज त्या संग्राहकांस फार मोलाच्या वाटतात. उलट, नुसत्या कीर्तीवर विकले जाणारे लाकूडही असते. बॉस्टन येथील बास्केटबॉलची प्रसिद्ध जमीन महायुद्धानंतरच्या टंचाईमुळे १९४६ साली ओक लाकडाच्या आखूड तुकड्यांची केली होती. ती उखडल्यावर तिचे तुकडे आठवण म्हणून विकले गेले. भिंतीवर टांगावयास ते ठीक. काठीच्या कामाचे नव्हेत.

सरळ रेषेची पट्टी मिळाली तरी कारागीर तिला एकदम बारीक कातीत नाही. थोडे कातावयाचे, मग काही आठवडे उभी टांगून ठेवावयाची; आत दडलेली ओढ सुटून ती किंचित वाकली, तर पुढल्या कातणीत तो बाक काढावयाचा, आणि पुन्हा टांगावयाची. असे कित्येक महिने जातात. अखेर सपाट मेजावर ती घरंगळवून पाहतात. डुलली नाही, तर चामड्याचे टोक बसते. डुलली, तर इतक्या महिन्यांचे श्रम शेगडीत जातात.