खेकड्याचं पोट कुठे असतं?

पावसाळा लागला की माळशेजच्या पायथ्याला, आमच्या वैशाखऱ्याकडे, ओढ्यांत आणि भाताच्या बांधांवर मुठे, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे, दिसू लागतात. पकडतात सगळे, पण त्यांचं शरीर नीट पाहतात फार थोडे!

आधी आपली रचना बघा. छाती आणि पोटाच्या मधे श्वासपटलाचा स्नायू. वर हृदय-फुप्फुसं, खाली जठर, यकृत, आतडी. गाय असो की वटवाघूळ, सगळ्या सस्तन प्राण्यांत हा पडदा असतोच.

खेकड्यात मात्र असा पडदा नाही; डोकं आणि छाती एकजीव झालेली, एकाच कवचाखाली. नांग्यांसकट १० पाय याच भागाला. हृदय, कल्ले, जठर, सगळं इथेच. जठर तर डोळ्यांच्या जरा मागे, आणि अन्न दळायला त्याच्या आतच दात! मला हे फार भारी वाटतं.

मग पोट? नांग्या सांभाळून खेकडा उलटा करा. छातीखाली दुमडलेली चपटी झडप म्हणजे त्याचं उदर. नराची अरुंद, मादीची रुंद नि गोलसर. मादी तिच्याखाली अंडी सांभाळते. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांची पिल्लं अंड्यातून थेट इवले खेकडे होऊनच निघतात आणि काही दिवस तिथेच बिलगून राहतात. अशी मादी हाती लागली तर कृपया ओढ्यात परत सोडा.