एका ओळीत दोन नावे

ज्या रात्री पहिल्या फेरीची यादी लागली, त्या रात्री नागपूरच्या हनुमाननगरातील आमच्या शेजारच्या घरात दिवा विझलाच नाही. घरचा मुलगा आणि सून दोघेही एम.बी.बी.एस. होऊन, इंटर्नशिप आटोपून, नीट-पीजीला एकदमच बसलेले. लग्नाला उणेपुरे आठ महिने झालेले. आणि मेडिकल वा मेयो ही शहरातली शासकीय महाविद्यालये, निदान वर्धा, एवढ्या टापूत दोघांनाही जागा मिळेल अशी अटकळ घरातल्या सर्वांनी मनोमन बांधलेली. मुलाने यादीत आपला रँक शोधला : बधिरीकरणशास्त्र, नागपूर. मग सुनेने आपला शोधला, आणि पडद्यावरच्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. बालरोगशास्त्र, म्हणजे तिला हवी होती तीच शाखा, तिला मिळाली होती. पण पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात, जेथे जायला नागपूरहून आगगाडीने एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई फाटकाशी भेटल्या तेव्हा त्यांनी मला जो प्रश्न विचारला, तो इतका साधा आणि इतका मर्मग्राही होता की हा लेख त्याच्याच उत्तरादाखल लिहीत आहे असे म्हटले तरी चालेल. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे दोघं नवरा-बायको आहेत, हे सरकारला माहीत नसते का जी?”

नसते. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात प्रवर्ग विचारतात, दिव्यांगत्व विचारतात, इंटर्नशिप पूर्ण झाल्याची तारीख विचारतात. परंतु पतीचा वा पत्नीचा परीक्षा-क्रमांक विचारणारा रकाना त्यात नाही. व्यवस्थेच्या दृष्टीने ते दोघे दोन स्वतंत्र अर्जदार असतात, एकमेकांना सर्वस्वी अपरिचित.

ही व्यवस्था चालते कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. 2017 सालापासून नीट-पीजी ही देशभराची एकच परीक्षा झाली. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती भरते आणि उरलेल्या निम्म्या जागा आपल्याकडे राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष भरतो. या अखिल भारतीय कोट्याचा उगम प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली दिलेल्या निकालात आहे. नागपूरच्या मिहानमधील एम्ससारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची परीक्षा निराळी, तिचे वेळापत्रक निराळे. त्यामुळे एक जण त्या वाटेने आणि दुसरा या वाटेने गेला, तर दोघांच्या निकालांच्या तारखासुद्धा जुळत नाहीत. अर्जदाराने महाविद्यालय आणि शाखा यांच्या जोड्या आपल्या पसंतीच्या क्रमाने भरायच्या, मुदतीच्या आत त्या कुलूपबंद करायच्या, आणि मग संगणक पहिल्या रँकपासून आरंभ करून प्रत्येकाला, त्याच्या यादीतील जी सर्वांत वरची जागा त्या क्षणी शिल्लक असेल, ती देत खाली उतरतो. गुणवत्तेच्या दृष्टीने याहून निर्मळ पद्धत शोधणे कठीण, हे मी मनापासून मान्य करतो. अडचण एवढीच, की पत्नीला काय मिळाले हे पाहून पतीने आपली यादी भरावी अशी सोय तीत नाही. दोघांच्या याद्या एकाच रात्री बंद होतात आणि एकाच रात्री उघडतात.

याच शासनाला नोकरीच्या बाबतीत मात्र दांपत्य दिसते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की गावोगावचे शिक्षक तो घरगुती शब्दासारखा वापरतात. आणि पती-पत्नी दोघेही सरकारी सेवेत असतील तर शक्यतो त्यांना एकाच ठिकाणी नेमावे, असे केंद्राच्या कार्मिक खात्याचे परिपत्रक 1986 पासून आहे. निवासी डॉक्टर विद्यार्थीही असतो आणि चोवीस-चोवीस तास वॉर्ड सांभाळणारा सेवकही असतो. पण बदलीचा प्रश्न आला की त्याच्यातला विद्यार्थी तेवढा पुढे केला जातो. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला एका महाविद्यालयातून दुसऱ्यात स्थलांतर करण्याची नियमाने मनाई आहे. रुजू झाला तो तीन वर्षांसाठी रुजू झाला.

अमेरिकेत हा प्रश्न कित्येक दशकांपूर्वीच उभा राहिला. तेथे 1952 पासून उमेदवार आणि रुग्णालये परस्परांच्या पसंतीच्या याद्या देतात आणि एका मध्यवर्ती योजनेतून त्यांची सांगड घातली जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या वाढली, डॉक्टर-डॉक्टर विवाह वाढले, आणि ही जोडपी योजनेबाहेर पडून परस्पर जागा मिळवू लागली. तेव्हा 1980 च्या दशकाच्या आरंभी दोघांना मिळून एक संयुक्त यादी देण्याची मुभा देण्यात आली. त्या यादीच्या प्रत्येक ओळीत दोन जागा असतात : तो शिकागोत मेडिसिनला, ती शिकागोतच सर्जरीला, मिळाल्या तर दोन्ही, नाहीतर पुढची ओळ. दोघांपैकी एकालाच जागा मिळेल अशीही ओळ शेवटी लिहिता येते. ती जोडी विवाहित असण्याचे बंधन नाही. अलीकडे दरवर्षी हजाराहून अधिक जोडपी या मार्गाने जातात.

परंतु या सवलतीच्या पोटात एक विलक्षण गणिती कूट दडलेले आहे. डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ली या दोघा गणितज्ञांनी 1962 साली महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाहांचे स्थैर्य या विषयावर एकच निबंध लिहून सिद्ध केले होते, की दोन्ही पक्षांच्या पसंतीच्या याद्या हाती असल्या तर अशी वाटणी नेहमीच शक्य असते, जीत कोणताही उमेदवार आणि कोणतेही रुग्णालय आपापली नेमणूक मोडून एकमेकांकडे जाण्यास उत्सुक राहणार नाही. पुढे 1984 साली अल्विन रॉथ यांनी दाखवून दिले, की उमेदवारांत जोडपी आली की ही हमी नाहीशी होते. सर्वांचे समाधान टिकवणारी वाटणी अस्तित्वातच नसेल असे प्रसंग संभवतात. रॉथ आणि पेरन्सन यांनी जोडप्यांना सामावून घेणारी जी नवी रीत बसवली ती 1998 पासून तेथे वापरात आहे, आणि 2012 साली शॅप्ली व रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दोन माणसांनी एकत्र राहण्याची इच्छा धरली की उत्कृष्ट गणितालाही पेच पडतो, ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली तेव्हा त्यांचे समाधान झाले नाही. पण आपल्या सुनेची अडचण क्षुल्लक नाही, असे कुणीतरी मोठ्या पदावरचे म्हणत आहे, एवढे त्यांना कळले.

आपल्याकडे असा रकाना येईल तेव्हा येईल; तो यावा असे माझे स्पष्ट मत आहे. कमी रँकवाल्याला वर ओढावे असे मी म्हणत नाही. दोघांपैकी जो वरच्या क्रमांकावर आहे त्याने स्वेच्छेने खाली उतरून, ज्याचा क्रमांक खाली आहे त्याच्यासोबत आपली पाळी घ्यावी, एवढी मुभा दिली तरी कोणाच्याही हक्काला धक्का लागत नाही. तोपर्यंत जोडप्यांच्या हाती उरते ती यादी भरण्याची कला, आणि ती कला महाविद्यालयांच्या नावलौकिकापेक्षा शहरांच्या नकाशावर अवलंबून असते. मुंबईला केईएम, सायन, नायर, जे.जे., कूपर अशी पाच सार्वजनिक दारे एकाच लोकलच्या टापूत आहेत. दोघांपैकी एकाला एक दार बंद झाले तरी शेजारचे उघडे असू शकते. नागपुरात मेडिकल आणि मेयो आहेत, हिंगण्याकडे लता मंगेशकर हॉस्पिटल आहे (तेथील शुल्काचा विचार निराळा), आणि पंचाहत्तर किलोमीटरवर वर्ध्याला सेवाग्राम व सावंगी आहेत. याउलट अंबाजोगाईसारख्या ठिकाणी एकच महाविद्यालय. तेथे एकाला जागा मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर त्याच गावात दुसरा आसराच नाही. म्हणून यादीला हात लावण्यापूर्वी नवरा-बायकोने एका प्रश्नाचा निकाल लावून घेतला पाहिजे : आधी शहर की आधी शाखा? त्याने मनात शहर धरले आणि तिने शाखा धरली, तर दोन्ही याद्या आपापल्या जागी बिनचूक असूनही निकाल विपरीत लागतो.

आमच्या शेजारी नेमके तेच घडले होते. सुनेच्या वहीत लाल बॉलपेनने लिहिलेली ती यादी मी पुढे पाहिली. पहिल्या अकरा ओळी नागपूर-वर्ध्याच्या, त्यानंतर पुण्या-मुंबईच्या, आणि एकेचाळिसाव्या क्रमांकावर ते पूर्व किनाऱ्याचे शहर. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री दोन वाजता, यादी अपुरी वाटते म्हणून, तिने ते नाव भरतीला घातले होते. त्या शहराबद्दल दोघांत एका शब्दाचेही बोलणे झाले नव्हते. यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे आपण दिलेली संमती असते, मग ती पहिली असो की एकेचाळिसावी. ‘मिळालेच तर तेथे जाऊ का?’ हे ज्या नावाबद्दल एकमेकांना विचारले नसेल ते नाव यादीत असू नये.

यादी लागल्यावरही काही वाटा मोकळ्या असतात. पहिल्या फेरीतील जागा न स्वीकारता बाजूला होता येते. दुसऱ्या फेरीत मिळालेल्या जागेवर रुजू झाले नाही तर अनामत रक्कम जप्त होते. पुढच्या फेऱ्यांत बंधने आणखी आवळली जातात, आणि हे जाबते त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत अक्षरशः वाचून घेतले पाहिजेत. रुजू होऊन ‘अपग्रेडेशन’ला होकार देता येतो; मात्र नवी जागा मिळाली की जुनी आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. ज्या जोडप्याला पहिल्याच फेरीत एक शहर लाभले, त्यांच्यापैकी एकाने जराशा वरच्या शाखेच्या मोहाने हा होकार द्यावा आणि दुसऱ्या फेरीने त्याला दूर न्यावे, असेही घडते. सुनेने दुसऱ्या फेरीत फक्त नागपूर-वर्ध्याची नावे ठेवली. जागा बदलली नाही. एक वर्ष सोडून पुन्हा परीक्षेला बसावे काय, यावर चार दिवस खल झाला. परंतु परीक्षेची तारीखच भरवशाची नसते, हा अनुभव ताजा होता. 2024 साली तर 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि 11 ऑगस्टला झाली. हातची शाखा टाकून अशा अनिश्चिताच्या मागे लागू नये, असे तिने ठरवले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते.

त्या चार दिवसांत हितचिंतकांनी तिला आमटे आणि बंग दांपत्यांचे दाखले दिले. नागपूरच्या मेडिकलचा तो अभिमानाचा वारसा आहे, यात संशय नाही. प्रकाश आमटे येथे शस्त्रक्रियाशास्त्र शिकत होते आणि मंदाकिनीताई बधिरीकरणाच्या डॉक्टर होत्या. शहर सोडून ते दोघे 1970 च्या दशकात हेमलकशाला गेले. अभय आणि राणी बंग हेही याच महाविद्यालयाचे. अमेरिकेतील शिक्षण आटोपून त्यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. पण हे दाखले ऐकताना त्या मुलीचा चेहरा उतरत गेला, आणि त्याचे कारण मला नंतर उमगले. त्या दांपत्यांनी भोगलेले कष्ट अपार होते, तथापि आपले ठिकाण त्यांनी स्वतः निवडले होते आणि तेथे ते बरोबर गेले होते. हिच्या वाट्याला आलेले दुःख वेगळ्या जातीचे होते. त्यात त्याग करण्याचे समाधानही नव्हते.

अशा वेळी घरात जे विष सर्वांत आधी कालवले जाते ते रँकच्या तुलनेचे. तिचा रँक त्याच्यापेक्षा वरचा होता. ‘तू इतके चांगले गुण मिळवूनही लांब गेलीस, आणि तो कमी मिळवूनही घरी राहिला,’ असे कोणीतरी बोललेच. आणि ‘सुनेने जायचे, मुलाने राहायचे’ हा न बोललेला अर्थही त्यात होता. मुलाने त्या बोलण्याला तेथल्या तेथे हरकत घेतली. त्याने स्वतःची जागा सोडण्याची तयारी दाखवली होती आणि तिने ती नाकारली होती, हे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. त्या एका कैफियतीने पुढची कितीतरी भांडणे वाचली असावीत.

मग संसाराची नवी तजवीज सुरू झाली. 1992 च्या केंद्रीय निर्देशांत निवासी डॉक्टरांचे काम सलग बारा तासांहून आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक नसावे असे म्हटले आहे. पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला हे सांगितले तर तो नुसता आपल्याकडे पाहतो. पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या 2023 च्या नियमांनी वर्षाला वीस दिवसांची पगारी रजा आणि साप्ताहिक सुट्टी दिली आहे, आणि दूर राहणाऱ्या जोडप्याचा सारा संसार त्या वीस दिवसांवर उभा असतो. या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक मोठी दिनदर्शिका लागली. तिच्यात त्याच्या ‘इमर्जन्सी’च्या तारखा निळ्या आणि तिच्या लाल, दोन्ही रंग नसलेल्या चौकोनात सासूबाई पेन्सिलीने बारीक टिंब देतात. रात्रपाळी संपवून आलेल्याने केलेला फोन दोन मिनिटांचा असला तरी त्याचा राग मानायचा नाही, आणि ‘तेव्हा जर’ या शब्दांनी सुरू होणारे वाक्य फोनवर बोलायचे नाही, असे दोघांनी आपसांत ठरवले. पहिल्या सहा महिन्यांत ती दोनदा येऊन गेली. दुसऱ्या खेपेस ती आली तेव्हा तो ड्युटीवर होता. मेडिकलच्या कँटीनमध्ये दोघांनी वीस मिनिटे चहा घेतला आणि उरलेला दिवस ती घरी झोपली. सासूबाईंनी तिला उठवले नाही.

आता तिचे दुसरे वर्ष सरत आले आहे. ज्या राज्यात शिकावे त्या राज्याचे बंधपत्र डोक्यावर असते. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेतली तर एक वर्षाची सेवा, नाहीतर पन्नास लाखांचा दंड. तिकडच्या राज्याच्या अटी निराळ्या आहेत आणि त्यांची प्रत तिने या वेळी आधीच मिळवून ठेवली आहे. त्यानंतर सीनियर रेसिडेंटच्या जागा, बालरोग आणि बधिरीकरण हे दोन्ही विभाग एकत्र असलेली रुग्णालये, हा सारा शोध आताच सुरू झाला आहे. मागच्या रविवारी दिनदर्शिकेतला चौकोन कोरा होता आणि ती घरी होती. मी गेलो तेव्हा दोघे जेवणाच्या टेबलाशी एक नवी वही उघडून बसले होते. पानावर लाल पेनाने नुसती शहरांची नावे लिहिलेली होती, आणि प्रत्येक नावापुढे, त्याच ओळीत, दोन जागा.